तागा शेवटपर्यंत उलगडणारे व्याही

माझ्या व्याह्यांइतके प्रश्न विचारणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असेल. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. राहतात बदलापूरला, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरची थोडी भातशेती अजून आहे, पण सगळी नोकरी झाली उल्हासनगरात, एका सिंधी सेठच्या कापडाच्या मोठ्या दुकानात. विक्रीला नव्हे, खरेदीला. सुरतेहून, भिवंडीहून माल घेऊन माणसं यायची आणि तो ठेवायचा की परत पाठवायचा हे व्याही ठरवायचे. येणारा माणूस तागा गादीवर टाकायचा, वरचे दोन-चार वार झटकून उजेडात धरायचा आणि पोत, रंग, चमक यांवर बोलत सुटायचा. व्याही तिकडे बघतही नसत. पंख्याकडे बघत म्हणायचे, "शेवटपर्यंत उलगडा." समोरचा म्हणायचा, सगळा एकसारखाच आहे, उगाच घडी मोडेल. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "वरचे चार वार विकणाऱ्याचे असतात. आपले वार आत असतात." मग अख्खा तागा उलगडला जाई, आतले डाग, सुटलेलं सूत, फिका पडलेला रंग बाहेर येई, आणि तो माणूस कपाळावरचा घाम पुशी. सेठ त्यांच्यावर खूश असायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "साईं, ये आदमी माल नहीं देखता, माल का खानदान देखता है."

निवृत्तीनंतर कापड सुटलं, उलगडणं सुटलं नाही. कलिंगडाच्या गाडीपाशी सगळे लोक फळावर टिचकी मारून बघतात. व्याही गाडीवाल्याला विचारतात, "काल ज्यांनी नेलं त्यांच्यातलं कोणी आज भांडायला आलं होतं का?" एका गाडीवाल्याने हात जोडून सांगितलं होतं, "काका, लेना है तो लो, इंटरव्यू मत लो." पाऊण तास चौकशी करून त्या दिवशी आणलेलं कलिंगड कापल्यावर आत दुधी भोपळ्यासारखं निघालं, तेव्हा ते जराही खजील झाले नाहीत. "प्रश्न बरोबर होता, तो खोटं बोलला," एवढंच म्हणाले आणि मीठ लावून दोन फोडी खाल्ल्या. डॉक्टरांच्या बाबतीतही तेच. कोणी एखाद्या डॉक्टरची फार तारीफ केली की व्याही नंबर न लावता त्याच्या दवाखान्यात जाऊन बसत आणि शेजारच्या पेशंटला हळूच विचारत, "याच दुखण्याला कितव्यांदा आलात?" अशा दोन दवाखान्यांतून कंपाउंडरने त्यांना नम्रपणे बाहेर काढलेलं आहे. हॉटेलात गेलं की कोण काय खातंय हे ते पाहत नाहीत. मोरीकडे परत जाणारी ताटं पाहतात. भाजी कोणती उरते, भात किती उरतो हे बघून मग आपली ऑर्डर देतात. विहीणबाई म्हणतात, "यांच्याबरोबर बाहेर जेवायला गेलं ना, की यांचं बघून होईपर्यंत माझी भूक मेलेली असते."

ही पद्धत त्यांनी माझ्यावरही चालवली होती. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा समजूत अशी होती की मुलीच्या बापाने मुलाकडच्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. त्याने बैठकीत पानसुपारी पुढे करायची आणि मान हलवायची. व्याह्यांनी बैठकीत खरंच एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, गरीब माणूस आहे. साखरपुड्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्या मजल्यावर पूर्वी एक कुटुंब राहत होतं, ते बदलापूरला गेलं. मी त्यांच्याकडे जाऊन आलो." त्या घरच्या माणसाशी पाण्याच्या टाकीवरून माझं असं भांडण झालं होतं की अंबरनाथमधला तो अख्खा मजला गॅलरीत जमला होता. आमच्या इमारतीत राहणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर माझ्याबद्दल चांगलंच बोलले असते, कारण त्यांना माझ्या शेजारी राहायचं होतं. व्याह्यांनी बरोबर सोडून गेलेला माणूस गाठला. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणाले, म्हातारा तापट आहे, पण मुलगा सरळ आहे. मुलीचं सासर मुलावर असतं. तारीख कधीची धरायची?" माझं वय तेव्हा म्हातारा म्हणण्याचं नव्हतं, याचाच राग मला जास्त आला.

या माणसाच्या गमती मी वर्षानुवर्षं कट्ट्यावर, लग्नाकार्यात, नातेवाइकांत सांगत आलो आहे आणि लोकांना हसवत आलो आहे. नातीच्या क्लासची गोष्ट तर माझी हुकमी. पण ती मी नेहमी अर्धीच सांगितली, आणि जी अर्धी सांगितली तीही सरळ सांगितली नाही. आता वय झालं आहे. व्याही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. ते असतानाच ती पुरी सांगून टाकलेली बरी.

माझी नात केतकी दहावी झाली तेव्हा तिला चांगले गुण मिळाले. आयुष्यभर मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होतो. आपल्या मुलाच्या वयाच्या इंजिनिअरला 'सर' म्हणण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे नात इंजिनिअर व्हावी हे मी तिच्या बारशालाच ठरवून ठेवलं होतं. माझा मुलगा माझ्यापुढे बोलत नाही. केतकीला कोणी काही विचारलं नव्हतं. उल्हासनगरात तेव्हा एक मोठा क्लास जोरात होता. त्यांनी कुठल्याशा कॉलेजशी जमवून घेतलं होतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं कॉलेजात पाऊल टाकायचं नाही, हजेरी आपोआप लागणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त प्रवेश परीक्षेची तयारी. मी तिथे जाऊन शब्द देऊन आलो, कट्ट्यावर पेढे वाटले, आणि प्रवेश पक्का करायला जायच्या दिवशी रीत म्हणून व्याह्यांनाही बोलावलं. तिथेच चुकलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगत असे.

क्लासच्या संचालकांची खोली थंडगार होती. भिंतभर हसऱ्या मुलांचे फोटो, प्रत्येकाच्या खाली मोठा आकडा. संचालकांनी हात फिरवून दाखवलं, "हे आमचे हिरे." मी, मुलगा आणि केतकी फोटोंकडे बघत राहिलो. व्याही पंख्याकडे बघत होते. मला पुढचं कळायला हवं होतं.

"सर," व्याही म्हणाले, "हे एका वर्षाचे की सगळ्या वर्षांचे?"

"काका, ही आमची परंपरा आहे."

"परंपरा चांगलीच आहे. पण एका वर्षाला वर्गात बसतात किती?"

"आमच्या परिवारात हजारो विद्यार्थी आहेत."

"परिवार नको. एक वर्ष सांगा. किती बसले, किती भिंतीवर आले, आणि बाकीचे कुठे गेले?"

संचालक माझ्याकडे बघून हसले. "काका फार अभ्यास करून आलेत."

"नाही हो, मी नववी नापास आहे," व्याही म्हणाले. "मध्येच सोडून गेलेल्या दोन-तीन मुलांचे पत्ते मिळतील का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "व्याहीबुवा, हे कापडाचं दुकान नाही."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "कापड परत घेतात."

इथवरची गोष्ट मी नेहमी सांगतो. यापुढे मी एक शेपूट जोडत असे, की व्याह्यांनी बाहेर पडताना वॉचमनची मुलाखत घेतली, शिपायाला मार्क विचारले, जिना मोजला. ते सगळं मी रचलेलं आहे. बाहेर पडताना ते कोणाशी काहीही बोलले नाहीत. रिक्षात केतकीचा हात धरून बसले होते.

बोललो ते मी, घरी आल्यावर. सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि तिच्यासमोर मी तिच्या बापाला म्हणालो, "मुलगी दिलीत ना, आता नातीचं आम्ही बघू. कापडाच्या गादीवर बसून जन्म गेला तुमचा, इंजिनिअर म्हणजे काय तुम्हाला काय कळणार? तुम्हाला ती बदलापूरला तुमच्या दाराशी हवी आहे म्हणून चाललंय हे सगळं. मुलीच्या बापाने मुलीच्या बापासारखं राहावं." व्याही उठले. सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाने मला एक प्रश्न विचारला नाही. हात जोडून म्हणाले, "चुकलं असेल तर माफी असावी," आणि चपला घालून गेले. ट्रेमधला त्यांचा कप सुनेने तसाच आत नेला. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांनी आमच्या घराची पायरी चढली नाही, आणि मीही बोलावलं नाही. दोन गावांत रिक्षाने अर्ध्या तासाचं अंतर.

पण त्यांचा प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नव्हता. तो केतकीजवळ राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत असताना ती समोर येऊन बसली. "आबा, बसले किती होते ते त्यांनी सांगितलंच नाही ना?"

"मोठ्या क्लासला असलं काही विचारत नाहीत."

"मग लहान क्लासला विचारतात का?"

मी पेपर वर धरला. पुढचे काही दिवस ती "नानांकडे जाते" म्हणून जायची. आजोळी जाणाऱ्या मुलीला नाही कसं म्हणणार? ते दोघं काय करत होते हे मला पुढे तिनेच सांगितलं. क्लास सुटायच्या वेळी ते समोरच्या वडापावच्या गाडीपाशी उभे राहत. नाना वडापाव खात आणि ती मुलांशी बोले. नाना स्वतः कोणाला काही विचारत नसत. "तुझा माल आहे, तू उलगड," म्हणायचे. बोलता बोलता तिला अंबरनाथच्याच बुवापाड्यातली एक मुलगी कळली, जी तो क्लास अर्ध्यावर सोडून गेली होती. दोघं तिच्या घरी गेले. तिने सांगितलं, पहिल्या दोन-तीन परीक्षांनंतर मुलांचे भाग पाडतात. वरच्या भागाला चांगले शिक्षक, शेवटच्या भागाला आदल्याच वर्षी पास झालेली पोरं शिकवायला. आणि क्लास सोडला तरी नाव त्याच जमवलेल्या कॉलेजात होतं, तिथे तिने प्रॅक्टिकल असं कधी केलंच नव्हतं. परीक्षानळी पहिल्यांदा हातात धरली ती थेट बोर्डाच्या परीक्षेला. केतकीने हे ऐकलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "नाना, ठरलं. नाही जायचं."

"अजिबात ठरलं नाही," व्याही म्हणाले. "एका डागावरून अख्खा तागा फेकायचा नसतो. ज्यांचं तिथे चांगलं चाललंय त्यांनाही विचार. त्यांना का जमतंय ते नीट ऐक." तिने विचारलं. एक मुलगा होता, भिंतीवर जाण्याच्या वाटेवरचा. त्याला दोन वर्षं रोज तेच करायला आवडत होतं, घरी शिकवायला मोठा भाऊ होता, आणि त्याला आठवीपासून ठाऊक होतं की आपल्याला इंजिनिअरच व्हायचं आहे. "तुला ठाऊक आहे का?" व्याह्यांनी केतकीला विचारलं. ती म्हणाली, नाही. सोळा वर्षांत तिला हे पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

आणि आता माझ्या आरोपाचं. व्याह्यांना नात बदलापूरला हवी होती हे खरं होतं. त्यांच्या घराच्या जवळच्या एका कॉलेजात तिने जावं, दुपारी जेवायला घरी यावं, हे त्यांच्या मनात होतं, आणि विहीणबाईंनी तर कोणत्या वारी कोणती भाजी हेही ठरवून टाकलं होतं. व्याह्यांनी त्या कॉलेजचाही तागा गादीवर टाकला. तिथून सोडून गेलेली मुलं शोधली. कळलं की प्रयोगशाळेला बहुतेक वेळा कुलूप असतं आणि रसायनशास्त्राची जागा रिकामी आहे. घरी येऊन त्यांनी केतकीला स्वतः सांगितलं, "हेपण नको." विहीणबाई त्यांच्याशी बरेच दिवस धड बोलल्या नाहीत. "दुसऱ्याच्या ताटातलं बघता बघता आपल्या ताटातलं घालवलं यांनी," असं त्या अजून म्हणतात. ही गोष्ट मला पुष्कळ आधी कळली होती. तरी मी नातेवाइकांत, त्यांना नात दाराशी हवी होती, हेच सांगत राहिलो. हशा तिथेच यायचा.

शेवटी केतकीने उल्हासनगरातलं एक जुनं, बिनफोटोंचं कॉलेज शोधून काढलं, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून. जेवणाच्या टेबलाशी मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आबा, मला इंजिनिअर व्हायचंय की नाही ते मला अजून माहीत नाही. क्लासला गेले तर ते कळायच्या आत दोन वर्षं संपतील. इथे गेले आणि व्हावंसं वाटलं तर तुमचा क्लास वेगळा लावता येईल. इथून तिकडे जाता येतं, तिकडून इथे येता येत नाही. यात काही चुकत असेल तर सांगा." चुकत असलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून मी चिडून म्हणालो, "करा काय करायचं ते. माझी ना नाही." सुनेने ही परवानगी समजून देवापुढे साखर ठेवली. आणि तिथून, आबांनी नातीला स्वतः ठरवू दिलं, ही कथा सुरू झाली.

केतकी सूक्ष्मजीवशास्त्रात रमली. अकरावीला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो अजून काढलेला नाही. आमच्याच इमारतीतला एक मुलगा त्या क्लासला गेला आणि उत्तम इंजिनिअर होतो आहे, हेही इथे लिहिलं पाहिजे. मी हे व्याह्यांना थोडं खिजवायलाच सांगितलं होतं. त्यांना मनापासून आनंद झाला. "वा! त्याचा तागा शेवटपर्यंत चांगला निघाला म्हणजे."

केतकी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली तेव्हा आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने मुलांचा सत्कार ठेवला. निवेदक म्हणाला, "आजोबांनी काहीही न लादता, सगळ्या बाजू तपासून नातीला निर्णय घेऊ दिला," आणि शाल माझ्या खांद्यावर आली. मी ती काढून ठेवली नाही. उलट माईक हातात घेऊन चार शब्द बोललो. म्हणालो, "पालकांनो, वरचे चार वार बघून भुलू नका. वरचे चार वार विकणाऱ्याचे असतात." टाळ्या पडल्या. व्याही दुसऱ्या रांगेत होते, तेही टाळ्या वाजवत होते. सून मात्र केतकीच्या हातातल्या फुलांकडे बघत होती. बाहेर चहा घेताना व्याही माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "छान बोललात. फक्त वार कोणाला कळत नाही आता. पुढच्या वेळी मीटर म्हणा."

तो निर्णय माझा नव्हता. तो केतकीचा होता आणि तो कसा घ्यायचा हे तिला तिच्या नानांनी दाखवलं. शाल त्यांची आहे. एवढंच लिहायला मला इतकी पानं लागली.

गेल्या आठवड्यात हे लिखाण घेऊन मी बदलापूरला गेलो. व्याह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. म्हटलं, वाचून दाखवतो. ते पंख्याकडे तोंड करून ऐकू लागले. कलिंगडाला हसले, कंपाउंडरला हसले, आपण नववी नापास नसून दहावी नापास आहोत, त्या दिवशी सोयीसाठी एक इयत्ता कमी केली होती, अशी दुरुस्ती सांगितली. मग वाचत वाचत चहाच्या ट्रेच्या प्रसंगापाशी आलो आणि त्यांनी हात वर केला.

"ते काढा."

"का?"

"लोक वाचतील. नातीच्या घरचे आहात तुम्ही."

"तुम्हीच म्हणता ना, शेवटपर्यंत उलगडा?"

"ते घ्यायच्या आधी हो," व्याही म्हणाले. "एकदा घेतलं, शिवलं, इतकी वर्षं अंगावर वागवलं, आता उलटं करून कशाला बघायचं?"

मी पुढे वाचलं नाही. आतून विहीणबाईंनी चहा आणला. व्याह्यांनी कप चाचपून घेतला आणि आम्ही दोघांनी तो रस्त्याकडे बघत संपवला. त्यांना रस्ता नीट दिसत नव्हता, मलाही त्या वेळी फारसा दिसत नव्हता. ते काढा म्हणाले, पण मी काढलेलं नाही, वर आहे तिथेच आहे. त्यांचं न ऐकण्याची ही शेवटची वेळ.

निघताना त्यांनी विचारलं, "पुन्हा कधी येताय?" मी म्हटलं, "रविवारी." फाटकाची कडी लावत होतो तेवढ्यात ओसरीवरून त्यांचा आवाज आला. माझ्या सुनेला फोन लावून ते विचारत होते, "अगं, तुझे सासरे रविवारी येतो म्हणतायत. खरंच येतील ना गं?"